दुसरा हात : एकोणचाळीस टक्के

पत्र तसं सभ्य होतं. या संस्थेची पत्रं सभ्यच असतात, तोच तर वैताग आहे. शिवी दिली असती तर उलट देता आली असती.

'आपण सादर केलेल्या कलाकृतीत दुसऱ्या हाताचा अंश एकोणचाळीस टक्के आढळला आहे. सबब पीएचडी प्रवेशासाठीचा आपला अर्ज तूर्त स्थगित करण्यात येत आहे.'

मी ते गाळ्यात उभ्याउभ्या वाचलं. पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं आणि अशी तिडीक गेली डोक्यात, की हातातली पटाशी आधी बाजूला ठेवली.

"काय आलं गं?" आण्णांनी मान वर न करता विचारलं.

"तुमच्यामुळं अडकले," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. पण गेलं खरं.

मी सानिका सुतार, वय एकोणतीस. आण्णा म्हणजे माझे वडील, सर्जेराव सुतार. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचा गाळा आहे. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत साचा पाडावा लागतो आणि तो पाडायला लाकडाचा नमुना लागतो. त्याला सगळे पॅटर्न म्हणतात. तो आम्ही करतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न हिशेबानं जरा मोठा ठेवायचा, आणि वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना नखभर उतार द्यायचा. आता वाळूचा साचा थेट छापणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळं आमच्याकडं येतात ती आडवळणाची कामं. साठ वर्षं जुना पंप, कंपनी बुडालेली, नकाशा कुणाकडंच नाही आणि आतला पंखा फुटलेला. असा माणूस फिरत फिरत शेवटी आण्णांपर्यंत येतो.

आणि आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. पॅटर्न ज्यानं केला त्यानं तो पुरा करायचा नाही. शेवटचा हात दुसऱ्याचा. दुसरा माणूस डोळे मिटून त्यावर बोटं फिरवणार, कुठं फुगवटा लागला, कुठं धार राहिली, तेवढी जागा घासणार आणि मगच पॅटर्न गाळ्याबाहेर जाणार. यात मानापमान नाही. एकाच जागेवरून शंभरदा बोट फिरलं की बोटाला तो फुगवटा लागेनासा होतो. आपली चूक आपल्याच बोटाला सापडत नाही, म्हणून दुसऱ्याचं बोट. माझ्या कामाला शेवटचा हात आण्णांचा आणि आण्णांच्या कामाला माझा. बारावीत होते तेव्हापासून.

इंजिनिअरिंग केलं, डिझाइनची पदव्युत्तर पदवी केली आणि चार वर्षांपूर्वी परत गाळ्यात आले. लोकांना वाटलं, पोरगीला नोकरी मिळाली नाही. मिळाली होती. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न घुसला होता : हातातलं कसब एका माणसाकडून दुसऱ्याकडं जातं म्हणजे नक्की काय जातं? आण्णा मला तोंडानं काही सांगत नाहीत. 'हां' आणि 'उंहूं', एवढंच त्यांचं अध्यापन. तरी मला येतं. ते कसं आलं, हे मोजता येईल का? पुण्याबाहेर एक संस्था आहे, तिथं तंत्रज्ञान आणि डिझाइन या दोन्ही शाखा मिळून एकच पीएचडी करता येते. तिथला माझा प्रस्ताव नेमका यावर होता. वयाची अट तीस. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही.

अर्जासोबत स्वतः केलेली एक वस्तू द्यायची असते. मी सागवानी पंख्याचा पॅटर्न दिला, सहा वळणदार पात्यांचा. तीन महिने खपले त्यावर. आणि पाठवायच्या आदल्या दिवशी रीतीप्रमाणं तो आण्णांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी डोळे मिटले, तासभर घासला, म्हणाले, "हां. जाऊ दे." दुसऱ्या कुणी हे केलं नसतं. आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही की यात काही चुकतंय. उलट शेवटचा हात न देता पाठवला असता तर मला झोप लागली नसती.

तिथं संस्थेत बसला होता हस्तवेध.

हे यंत्र कशाला आलं, ते कारण मला मान्य आहे. चित्र, नकाशा, निबंध, सगळं संगणक करून द्यायला लागला तेव्हा अर्जदाराला स्वतःला काय येतं हे कळायची सोयच राहिली नाही. मग संस्थेतल्या डॉ. अधिकाऱ्यांनी हा उपाय काढला. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. आपल्याला दिसत नाही, पण तो सेकंदाला आठदहा वेळा थरथरत असतो, आणि प्रत्येकाची थरथर वेगळी, कारण हाडाची लांबी वेगळी, स्नायू वेगळे, नसांचा वेग वेगळा. त्यात पटाशी टेकवताना दिलेला दाब, उचलतानाचा कोन, मनगटाची फिरकी. या सगळ्याच्या खुणा लाकडावर राहतात, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतक्या बारीक. हस्तवेध लेझरनं त्या खुणा वाचतो, आणि गर्दीतले दोन आवाज आपला कान वेगळे करतो तसे दोन हात वेगळे करतो. दुसऱ्या हाताचा अंश दहा टक्क्यांवर गेला की अर्ज अडकला.

हुशार यंत्र आहे, नाही म्हणत नाही. पण ते वाचतं फक्त वरचा थर. माझे तीन महिने खाली गाडले गेले आणि आण्णांचा एक तास वर राहिला.

मी संस्थेत फोन लावला. प्रवेशाचं काम बघणाऱ्या पेंडसे मॅडम बोलल्या. आवाज मऊ, बाई मनानं चांगली.

"अहो, घाबरू नका सानिका. यावर उपाय आहे. साधनांच्या तक्त्यात त्याची नोंद करा. साधनाचा अंश वजा होतो."

"कसलं साधन?"

"म्हणजे बघा, कुणी सॉफ्टवेअर वापरतं, कुणी कापणारं यंत्र वापरतं. ते दुसरा हात धरत नाही आपण. तुम्ही वडिलांचा हात सहायक साधन म्हणून दाखवा. मी तक्ता पाठवते, सही करून द्या, की झालं."

"माणूस म्हणून दाखवला तर?"

"माणसाला सूट नाही."

मी फोन ठेवला. आयुष्यभर ज्या माणसानं लोखंडाला आकार दिला, त्याचं नाव करवतीच्या खाली लिहायचं? आणि का, तर करवतीला सूट आहे म्हणून!

तक्ता आला. साधनाचे नाव. उत्पादक. निर्मितीचे वर्ष. अचूकता. शेवटची देखभाल केव्हा झाली. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, आण्णांनाही राग यावा म्हणून. तर ते हसायलाच लागले.

"लिही की! उत्पादक : हरीबा सुतार, उचगाव. वर्ष चौऱ्याहत्तर. देखभालीचं तुझ्या आईला विचार, दोन भाकरी आणि झुणका."

"आण्णा, चेष्टा नाही ही."

"मी तरी कुठं चेष्टा करतोय?" ते रंध्याच्या पात्यावरचा भुसा फुंकत म्हणाले. "लिहून टाक, हत्यार म्हणून लिही. मला काय हुतंय? तुझं काम होऊ दे. माझ्या नावानं कुणाचं काय अडलंय आजवर?"

यानं मात्र मला खरंच जाळलं. संस्थेचं ठीक आहे, ते परके. पण हा माणूस स्वतःच स्वतःला खाली घालायला तयार, आणि तोही माझ्यासाठी, हसत हसत.

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

"मग आत्ता म्हणालीस नव्हं, माझ्यामुळं अडकलीस?"

ते पुन्हा कामाला लागले. ती चूक मला कुठल्या काचपेपरनं घासता येणार होती?

मी पेंडसे मॅडमना कळवलं की सही करणार नाही, पण समोर बसून काम करून दाखवायला तयार आहे. नियमात तशी सोय होती. काचेच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर, दोन तासांत एक वस्तू करायची आणि लगेच हस्तवेधानं तपासायची. मी एकटी, आण्णा अडीचशे किलोमीटरवर. आता कुठून आणतील दुसरा हात?

पुण्याला गेले. बाहेरच्या बाकावर नील नावाचा एक अर्जदार बसला होता. तपासून झालेली आपली वस्तू परत न्यायला आला होता. ती त्याच्या मांडीवर होती, पांढऱ्या लाटेसारखं काहीतरी सुंदर.

"कशी केलीत?" मी विचारलं.

"खरं सांगू? मी फक्त म्हटलं, मला लाटेसारखा दिवा हवाय. आकार सॉफ्टवेअरनं काढला, कापला यंत्रानं, पॉलिशही त्यानंच केलं. मी खाली नावाची चिठ्ठी चिकटवली."

"आणि निकाल?"

"साधनं वजा करून नव्याण्णव टक्के माझा," तो ओशाळून म्हणाला. "एक टक्का बहुधा कुरिअरवाल्याचा."

आम्ही दोघंही हसलो. पोरगा सरळ होता, त्याचा काय दोष? पण आत जाताना माझी कानशिलं तापली होती. ज्याच्या वस्तूला माणसाचा हात लागलाच नाही तो अस्सल, आणि आम्ही भेसळ!

काचेच्या खोलीत सागाचा ठोकळा होता, गोल पटाशा होत्या, खरवडणी होती. ओंजळीएवढा खोलगा कोरायचा होता. मी बसले. पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याची जाणीव होती, मग लाकडाचा वास आला आणि सगळं विसरले. पावणेदोन तासांनी डोळे मिटून बोट फिरवलं. उजवीकडं कुठंतरी काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण जागा सापडेना. शेजारी कुणी नव्हतं. शेवटचा हात न लागलेलं काम मी पहिल्यांदा हातावेगळं केलं आणि मला त्याची लाज वाटली.

पेंडसे मॅडमनी ठोकळा यंत्रात ठेवला. भिंतीवरच्या पडद्यावर माझा खोलगा उमटला. माझ्या हाताच्या खुणा निळ्या. निळा पसरत गेला, मॅडम हसल्या, मीही श्वास सोडला. मग निळ्यात एक केशरी रेघ उठली. मग दुसरी. मग जिथं जिथं मी पटाशी उचलताना मनगट आत वळवलं होतं, तिथं तिथं केशरी.

'दुसऱ्या हाताचा अंश : एकोणतीस टक्के. मागील नमुन्यातील दुसऱ्या हाताशी जुळणी : शहाण्णव टक्के.'

"इथं कोण आलं होतं?" मॅडम दचकून म्हणाल्या.

"कोण येणार? तुम्हीच बाहेर बसला होतात."

त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. दोन तास मी एकटी. यंत्र पुन्हा चालवलं. पुन्हा एकोणतीस. शेवटी डॉ. अधिकाऱ्यांना बोलावलं. उंच, नीटनेटके, घाईत. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, जवळ गेले, एक केशरी रेघ मोठी करून पाहिली आणि पुटपुटले, "थरथर हिचीच आहे. पण ही वळवण्याची पद्धत... सुरुवातीला हलका दाब, शेवटी दोनदा उचल. ही दुसऱ्याची. यंत्रानं पद्धतीला जास्त वजन दिलंय."

आणि मला एकदम उमगलं. शेवटी दोनदा उचल म्हणजे आण्णा. लाकूड सोडताना ते पटाशी जराशी पुन्हा टेकवतात, मग उचलतात. मी असं करते हे मला माहीतच नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "माझा प्रस्ताव वाचलाय तुम्ही? कसब हातातून हातात कसं जातं, ते मोजता येईल का, हाच माझा विषय आहे. तुमच्या यंत्रानं आत्ता ते मोजलं! एकोणतीस टक्के! मला पाच वर्षं लागली असती हे दाखवायला."

त्यांचे डोळे क्षणभर चमकले. शपथेवर सांगते, चमकले. मग विझले.

"रंजक आहे. पण नियम दहा टक्क्यांचा आहे. यंत्र चुकलं असं मी लिहू शकत नाही, गेल्या तीन वर्षांचे सगळे निकाल उघडे पडतील. एक करू. शिकलेली सवय म्हणजे तंत्र, आणि तंत्र म्हणजे साधनच. तक्त्यात तशी नोंद करा. सही केलीत की आजच प्रवेश."

पुन्हा तोच तक्ता माझ्यापुढं आला. त्यांनी स्वतःचं पेनही दिलं.

मग मात्र माझं डोकं सटकलं. "सर, हे साधन कुठं आहे ते दाखवा मला. टेबलावर काढून ठेवते. करवत परत कपाटात ठेवता येते, हे कुठं ठेवू? माझ्या बापानं बारा वर्षं शेजारी उभं राहून जे दिलं त्याला तुम्ही हत्यार म्हणणार, आणि चिठ्ठी चिकटवणाऱ्याला अस्सल? अहो, ज्याच्या हातात दुसरा कुणीच नाही, तो कुणाकडं काही शिकलाच नाही! असा माणूस हवाय तुम्हाला विद्यार्थी म्हणून?"

"आवाज खाली, प्लीज," पेंडसे मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

मी दुसरा कोरा ठोकळा उचलला, वर खरवडणी ठेवली आणि अधिकाऱ्यांपुढं धरला. "तुम्ही घासा. दहाच मिनिटं. बघू या तुमच्यात किती जण निघतात."

त्यांनी ठोकळ्याकडं पाहिलं. यंत्राकडं पाहिलं. मग दोन्ही हात खिशात घातले.

"तुमची वेळ संपली आहे," ते म्हणाले.

मी सही न करता परत आले.

आठवड्यानं पत्र आलं. अपात्र. दुसऱ्या हाताचा अंश एकोणतीस टक्के. पंधरा दिवसांत फेरविचारासाठी अर्ज करता येईल. मी सगळं आण्णांना सांगितलं, दोनदा उचल, केशरी रेघा, सगळं. त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मला ते चिडलेले दिसले. कान लाल झाले होते.

"म्हंजे मी तिथं नसताना माझा हात निघाला तुझ्यात?"

"हो."

"आणि म्हणून नापास?"

"हो."

"मग काय दुसऱ्याचा निघायला पायजे हुता काय? शेजारच्या गाळ्यातल्या पवाराचा?" ते ताडकन उठले, गाळ्याच्या दारापर्यंत गेले, परत आले. "हत्यार म्हणून लिही म्हटलं हुतं मी, ती माझी चूक. आता लिहिलंस तर बघ. तंगडं मोडीन."

"नाही लिहीत," मी म्हणाले. "आणि आण्णा, तुमच्यामुळं अडकले म्हणाले होते ना मी त्या दिवशी..."

"हां, हां." त्यांनी हात झटकला. मग एक नवा पॅटर्न माझ्यापुढं सरकवला. "हे बघ जरा. डावीकडं काहीतरी राहिलंय, मला लागंना झालंय."

मी डोळे मिटले, बोट फिरवलं, फुगवटा सापडला. घासला. ते बघत राहिले.

दुपारी पेंडसे मॅडमचा फोन आला, आवाज एकदम दबलेला. "फेरविचाराचा अर्ज नक्की करा. तो वेगळ्या समितीकडं जातो, अधिकारी सर नसतात त्यात. आणि एक सांगू? जेवणाच्या सुट्टीत मी पण एक ठोकळा घासून पाहिला. माझ्यात अठरा टक्के कुणीतरी निघालं. मला वाटतं आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. मी तो निकाल पुसलेला नाही."

बाकावरचा भुसा झाडून मी अर्ज उघडला. दुसरा हात आढळला : होय. प्रकार : साधन की व्यक्ती? तिथं बारीक अक्षरात सूचना होती, 'व्यक्ती' निवडल्यास सूट मिळणार नाही. मी व्यक्ती निवडलं. नाव : सर्जेराव हरीबा सुतार. अर्जदाराशी नाते : वडील.

शेवटचा रकाना होता, 'दुसरा हात आढळण्याचे कारण'. तीनशे शब्दांची मुभा. आधी मी तावातावानं सगळं लिहिलं, नील, चिठ्ठी, करवत, खिशात गेलेले ते हात. वाचून बघितलं. मग सगळं पुसलं आणि एकच शब्द लिहून अर्ज पाठवून दिला.

'शिकले.'